पापा पेटने न वाजवलेली रेकॉर्ड

अजूनही बायका मला दुकानात गाठतात. हातातला टोमॅटो दाबत, आवाज खाली आणून विचारतात, "मिस कॉर्डिया, तुमच्या बहिणीला त्या म्हाताऱ्याची जरासुद्धा दया आली नाही का हो? चाकाच्या खुर्चीत बसलेला माणूस तो!" आधी मी समजावून सांगायला जायचे. आता सरळ विचारते, "ऐकायला वेळ आहे का?" वेळ कुणाकडेच नसतो. मत मात्र सगळ्यांकडे तयार असतं. म्हणून म्हटलं, एकदा पहिल्यापासून सगळं सांगून टाकावं.

लूवेनिया स्टोक्स माझ्या मावशीची मुलगी. मेम्फिसच्या ऑरेंज माउंडमध्ये, आम्हा काळ्यांच्या वस्तीत, एकाच गल्लीत, समोरासमोरच्या घरांत आम्ही वाढलो. मावशी गोऱ्यांच्या घरचं धुणं घरी आणायची. सोमवारी परसात इतक्या चादरी वाळत असायच्या की रस्त्यावरून घरच दिसायचं नाही. आणि त्या चादरींच्या मध्ये उभी राहून वीनी गायची. आम्ही तिला वीनी म्हणायचो. तिचा आवाज गोड नव्हता. गोड आवाज माझा होता, आणि गोड आवाजाच्या मुली आमच्या चर्चमध्ये ढिगाने होत्या. हिचा आवाज जाड, तळाशी किंचित फाटलेला. ती वर चढायला लागली की वाटायचं आता हा सूर तुटणार. तो तुटायचा नाही. चर्चच्या गाणाऱ्यांना शिकवणारी मदर हॉब्स तिला कायम शेवटच्या रांगेत उभी करायची.

"पोरी, देव बहिरा नाही," मदर हॉब्स म्हणायची.

"देव नसेल हो, पण पुढच्या रांगेतले आहेत," वीनी म्हणायची, आणि आम्ही सगळ्याजणी पुस्तकात तोंड लपवून हसायचो.

१९७१ साली तिचा पहिला अल्बम निघाला. मिस्टर गॅस्किन नावाच्या एका गोऱ्या माणसाची छोटीशी रेकॉर्ड कंपनी होती. टायरच्या बंद पडलेल्या दुकानात त्याने स्टुडिओ थाटला होता, आणि भिंतींना रबराचा वास अजून होता. वाजवणारे सगळे आमच्याच गल्लीतले. मागे गायला मी आणि माझी धाकटी बहीण. पंख्याचा आवाज रेकॉर्डमध्ये येतो म्हणून पंखा बंद. जुलैचा महिना. वीनीने सॅंडल काढून भिरकावले आणि अनवाणी उभी राहून तिने ते गाणं म्हटलं, 'सोमवारचं धुणं'. शब्द तिचेच होते:

तुमच्या चादरी पांढऱ्या केल्या, बाईसाहेब, आता माझे हात बघा,
तुमच्या झोपेचे डाग मी काढले, माझी झोप मला द्या.

गाणं संपलं. बास गिटार वाजवणारा लोनी, सहा फूट उंच, बैलासारखा माणूस, तो मागच्या दारातून अंगणात गेला आणि पाठ करून उभा राहिला. मिस्टर गॅस्किन काचेच्या पलीकडून म्हणाला, "हे पुन्हा घ्यायची गरज नाही." अल्बमचं नाव त्याच गाण्यावरून ठेवलं.

आता पापा पेटबद्दल सांगायला हवं, कारण आमच्या लोकांसाठी त्या काळी रेडिओ म्हणजे तोच. खरं नाव हर्शेल पेटीग्रू. रोज संध्याकाळी त्याचा आवाज प्रत्येक घरात, प्रत्येक न्हाव्याच्या दुकानात, प्रत्येक उघड्या खिडकीत. तो जे वाजवायचा ते दुसऱ्या दिवशी लोक विकत घ्यायला जायचे, आणि बाजूच्या गावांतली स्टेशनंही तो काय लावतो यावर कान ठेवून असायची. आणि माणूस नुसता गाणी वाजवणारा नव्हता, हेही सांगते. कचरा उचलणाऱ्या माणसांनी संप केला तेव्हा त्याने रेडिओवरून हाक दिली आणि संपकऱ्यांच्या घरी पिठाची पोती गेली. माझ्या वडिलांच्या घरीही गेली. आम्ही त्याला मानत होतो. हे मी मुद्दाम सांगते, कारण लोक मला तेच ऐकवतात, जणू मला माहीतच नाही.

मिस्टर गॅस्किन म्हणाला, "लूवेनिया, रेकॉर्ड तू स्वतः नेऊन दे. पापा पेटला कलाकार भेटलेले आवडतात." वीनीने निळा ड्रेस घातला, केस करून घेतले. मी सोबत रेडिओ स्टेशनवर गेले. भर दुपार होती. बाहेरच्या खोलीत टेबलाशी एक मुलगी बसली होती, इरमा नावाची, आमच्याच चर्चची. पापा पेट दारात आला, दोन्ही हात पसरून म्हणाला, "ये बेबी, ये. सगळं गाव तुझ्याबद्दल बोलतंय." मीही उठले तसा म्हणाला, "तू बस गं. खोली लहान आहे."

दार बंद झालं. मी बाकावर बसले. आणि इरमाने माझ्याकडे न बघता हात लांब केला आणि टेबलावरच्या रेडिओचा आवाज वाढवला.

मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, तिला ते गाणं आवडत असेल.

थोड्या वेळाने आत काहीतरी आपटलं. दार उघडलं आणि वीनी बाहेर आली. कॉलरचं बटण तुटलेलं, एक बूट पायात, एक हातात. तिच्या मागे पापा पेट, नाकाला रुमाल लावलेला, आणि रुमाल लाल होत चाललेला. तिने आपलीच रेकॉर्ड उभी धरून त्याच्या तोंडावर मारली होती. तो ओरडला नाही. रुमालाआडून हसला. म्हणाला, "बेबी, हे गाणं या गावात कुणी ऐकणार नाही."

आणि कुणी ऐकलं नाही. एवढंच झालं. त्याने तिच्याविरुद्ध एक शब्द काढला नाही, त्याला काढावा लागला नाही. त्याने फक्त रेकॉर्ड लावली नाही. मावशी रोज संध्याकाळी इस्त्री करता करता रेडिओजवळ बसायची. शेजारीण विचारायची, "हॅटी, तुझ्या लेकीचं गाणं कधी लागणार?" मावशी म्हणायची, "आज लागेल." तो अर्ध्या देशाची गाणी लावायचा. चार सूर धड न लागणाऱ्या पोरींची लावायचा. हिचं नाही.

वीनीने सांगितलं नाही असं कुणी म्हणू नये. तिने सांगितलं. मिस्टर गॅस्किनला सांगितलं, मी तिथे होते. तो खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "लूवेनिया, मी तुझ्यावर एवढी मेहनत घेतली. जरा हसली असतीस, गोड बोलली असतीस, तर काय बिघडलं असतं?" मावशीने चर्चच्या पास्टरना सांगितलं. पास्टरनी मावशीचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "सिस्टर स्टोक्स, ब्रदर पेटीग्रूने आपल्या लोकांसाठी काय काय केलंय ते आठवा. तो कोसळला तर कोणाचं हसू होईल? आपलंच." मावशी घरी आली आणि तिने रेडिओ कपाटात ठेवून दिला.

न खपलेल्या रेकॉर्ड गॅस्किनने वितळवायला पाठवल्या. त्या काळ्या लगद्यातून दुसऱ्यांच्या रेकॉर्ड निघाल्या. त्यातल्या काही पापा पेटने नक्की वाजवल्या असतील.

वीनी लॉस एंजेलिसला गेली. तिथे बरीच वर्षं ती साबणाच्या आणि बिस्किटांच्या जाहिरातींत गायली. मग एका गोऱ्या निर्मात्याने तिला एक गाणं दिलं, 'गुलाबी छत्री'. तुम्हाला माहीत असेल. ऊन असो, पाऊस असो, माझी छत्री गुलाबी, टाळ्या, परत तेच. त्या गाण्यात तिचा आवाज साखरेत बुडवून काढल्यासारखा आहे. तळाचा तो फाटका भाग त्यांनी घासून घासून काढला. गोऱ्यांच्या रेडिओंनी ते दिवसभर लावलं. टीव्हीवर ती चमचमणाऱ्या कपड्यांत गुलाबी छत्री फिरवत नाचली. आमच्या घरात आम्ही ओरडत टीव्हीपुढे बसलो होतो, मावशीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पापा पेट रेडिओवर म्हणाला, "काल टीव्हीवर आपली मिस व्हॅनिला पाहिलीत का? आपल्या गल्लीतला चॉकलेटचा कप होता, बघा कसा पांढरा झाला!" आणि गाव हसलं. तोच माणूस! ज्याने तिला आपल्या लोकांत गाऊ दिलं नाही, तोच म्हणत होता की ही आपल्या लोकांना सोडून गेली. गल्लीतली पोरं मावशीच्या दारासमोर छत्र्या उघडून नाचायची. शुक्रवारी चर्चच्या जेवणासाठी मासे तळताना बायका मला विचारायच्या, "काय गं, तुझी बहीण काळ्या माणसांशी अजून बोलते का?" मी त्यांच्या ताटात मासे वाढायचे आणि मनात म्हणायचे, काटा लागो तुमच्या घशात.

वीनीने त्या गाण्यावर आयुष्य काढलं. जुगाराच्या हॉटेलांत, जहाजांवर, जत्रांमध्ये, जिथे बोलावतील तिथे. एकदा मी तिला भेटायला रीनोच्या जुगाराच्या हॉटेलात गेले होते. कार्यक्रमानंतर ती मनगटाला तेल चोळत बसली होती. छत्री फिरवून फिरवून मनगट सुजायचं.

मी म्हटलं, "वीनी, या फालतू गाण्यापायी किती हाल करून घेतेस गं स्वतःचे?"

तिने तेलाची बाटली टेबलावर आपटली. "फालतू म्हणू नकोस. या गाण्याने मला दार लावून घ्यायला कधी सांगितलं नाही."

त्यानंतर मी त्या गाण्याला कधी नावं ठेवली नाहीत.

आम्ही म्हाताऱ्या झालो. माझा नवरा गेला, वीनी लॉस एंजेलिस सोडून माझ्याकडे राहायला आली. मावशी तर कधीच गेली होती. आणि अशातच इंग्लंडहून ह्यू नावाचा एक मनुष्य आमच्या दारात उभा राहिला. कुठल्याशा जुन्या सामानाच्या दुकानात त्याला 'सोमवारचं धुणं' सापडलं होतं. तो म्हणाला, ही त्याने आयुष्यात ऐकलेली सर्वांत थोर रेकॉर्ड आहे. माझ्या स्वयंपाकघरात बसून तो रताळ्याच्या सारणाची गोड पाई खात होता आणि त्याचे डोळे भरून आले होते. माणूस वाईट नव्हता. त्याने अल्बम पुन्हा काढला, आणि या खेपेला तो खपला. मासिकांत लेख आले. पण त्या दिवशी तो बोलता बोलता म्हणाला, "असा आवाज, आणि नंतर तुम्हाला तो छत्रीचा कचरा गायला लावला, किती दुर्दैव!"

वीनी म्हणाली, "मिस्टर ह्यू, तो कचरा लाखो लोकांनी ऐकला. तुमचं हे सोनं ऐकायला चाळीस वर्षं कोण आलं होतं?"

"मी तेव्हा जन्मलो नव्हतो, मॅडम," तो बिचारा म्हणाला.

"मग तुम्हाला माफ आहे. पाई खा."

इंग्लंडने डोक्यावर घेतलं म्हटल्यावर मेम्फिसलाही आठवण झाली. शहरात दर वर्षी जुन्या गाणाऱ्यांचा सत्कार होतो. त्याच्या समितीवरच्या मिसेस डेल्फीन ॲशबी, मोठी टोपी, मोठा परफ्यूम, घरी आल्या. वीनी सिंकशी उभी राहून कोलार्डची पालेभाजी धूत होती.

"मिस लूवेनिया, या वर्षीचा मान तुमचा! आणि गंमत सांगू? मानचिन्ह स्वतः ब्रदर पेटीग्रू देणार आहेत. या वयात, त्या चाकाच्या खुर्चीतून येणार आहेत तुमच्यासाठी! ते तर सगळ्यांना सांगतात, तुमची रेकॉर्ड पहिल्यांदा त्यांनीच वाजवली. पण दुकानदारांनी ठेवली नाही म्हणून..."

माझ्या हातातली बशी पडली. वीनीने पाण्यातून हात काढला नाही. नळ तसाच वाहत होता.

"असं म्हणतात का ते?" तिने विचारलं.

"अहो, दर मुलाखतीत!"

त्या गेल्यावर मी म्हटलं, "नाही म्हणून कळव. नाहीतर मी कळवते."

"नाही कशाला? जाणार मी." तिने नळ बंद केला. "माझ्यासाठी एवढ्या लांबून खुर्ची ढकलत येतोय तो."

रविवारी दुपारी शहराच्या जुन्या नाट्यगृहात कार्यक्रम होता. सगळं ऑरेंज माउंड चर्चला घालायच्या ठेवणीतल्या कपड्यांत आलं होतं. वीनीने काळा ड्रेस घातला होता. पापा पेटला व्यासपीठावर आणलं तेव्हा लोक उभे राहिले. अंग सुकलेलं, पण आवाज अजून तोच, लोण्यासारखा. त्याची मुलगी जोनेटा खुर्चीमागे उभी होती. तो म्हणाला, "ही पोर माझ्याकडे आली तेव्हा कोवळी होती. मी रेकॉर्ड लावली आणि त्याच क्षणी या शहराला सांगितलं, हा आवाज अमर आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याने काचेचं मानचिन्ह पुढे केलं.

वीनीने ते घेतलं नाही. माइक घेतला.

"मिस्टर पेटीग्रू, तुम्ही माझी रेकॉर्ड लावलीत तो दिवस कोणता?"

तो हसला. "बेबी, या वयात दिवस कुठले आठवतात?"

"मला आठवतो. तुम्ही ती कधीच लावली नाहीत. तुम्ही दार लावलंत, माझ्या अंगाला हात घातलात, मी तुमचं नाक फोडलं, आणि त्यासाठी तुम्ही माझं गाणं पुरलंत. माझी आई रोज रेडिओजवळ बसायची. रोज! ते गाणं न ऐकताच ती मेली. आणि तुम्ही मला मिस व्हॅनिला म्हणालात आणि हे सगळे हसले." तिने हात सभागृहाकडे केला. "हो, तुम्ही. तुमच्यातले कोण कोण माझ्या आईच्या दारात छत्र्या घेऊन नाचले ते मला माहीत आहे."

मग एक बाई ओरडली, "सिस्टर, तो म्हातारा आहे!" दुसरा कुणीतरी म्हणाला, "देवाच्या दिवशी हे काय?" बाजूने कुणीतरी माइक बंद केला. खुळे! त्या बाईचा माइक बंद करतात! मदर हॉब्सने जिला शेवटच्या रांगेत ठेवलं होतं, तिला माइक कशाला हवा? शेवटच्या बाल्कनीपर्यंत तिचा शब्दन् शब्द गेला.

"म्हातारा तो आज झालाय. मी गेले होते तेव्हा तरणाताठा होता."

मी मागे वळून पाहिलं. तिसऱ्या रांगेत इरमा बसली होती. जांभळी टोपी, मांडीवर पर्स. मी उठले, तिच्याजवळ गेले, तिच्या कानाशी वाकले. म्हटलं, "इरमा, ऊठ. तुला माहीत आहे. तू रेडिओ मोठा केलास. ऊठ आणि सांग."

ती पर्सचा बंद पिळत होती. माझ्याकडे तिने तेव्हाही पाहिलं नाही. "कॉर्डिया, माझी नातवंडं बसलीयत शेजारी," ती म्हणाली. "माझं नाव यात नको."

मी तिला मारलं नाही. एवढंच पुण्य त्या दिवशी माझ्या हातून झालं.

बँड तयार बसला होता. मिसेस ॲशबी कशीबशी हसत म्हणाल्या, "मिस लूवेनिया, आता आपण सगळं विसरून ते सुंदर गाणं..."

"तुम्हाला गाणं हवंय?" वीनी म्हणाली. "ते तुमच्या दारात आलं होतं. तुम्ही घेतलं नाहीत." आणि पायऱ्या उतरून, मधल्या वाटेने ती सरळ बाहेर गेली. मी मागे धावले. गाडीत बसल्यावर तिने किल्ली लावलीच नाही, स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. मी घाबरून म्हटलं, "रडतेस का?" ती म्हणाली, "नाही गं. अजून बोलायचं राहिलंय."

मग जे झालं ते तुम्ही ऐकलं असेल. वर्तमानपत्राने लिहिलं, 'सत्काराला गालबोट'. आमचे आताचे पास्टर घरी आले, क्षमेवर बोलले. वीनीने विचारलं, "रेव्हरंड, तुम्ही आधी त्याच्याकडे गेला होता का, की सरळ माझ्याकडेच आलात?" ते कॉफी अर्धी टाकून गेले. फोनवर लोक शिव्या द्यायचे आणि नाव न सांगता ठेवायचे.

आठवडाभराने जोनेटा आली. पोर्चच्या पायरीवरच उभी राहिली, आत येईना.

"माझ्या वडिलांनी अन्न सोडलंय," ती म्हणाली. "तुम्हाला बरं वाटत असेल."

"नाही वाटत," वीनी म्हणाली.

"मग आत्ताच का? एवढी वर्षं गप्प होतात, मग ते मरायला टेकल्यावर का?"

"गप्प?" वीनी खुर्चीतून उठली. "मी रेकॉर्ड कंपनीच्या मालकाला सांगितलं, आईने पास्टरना सांगितलं, अर्ध्या चर्चला माहीत होतं. मी गप्प कधी होते? तुम्ही रेडिओ ऐकत होता."

जोनेटाने पोर्चचा कठडा धरला. मग म्हणाली, "माझी आई त्यांचा कार्यक्रम लागला की घरातून बाहेर निघून जायची. आम्हाला वाटायचं, तिला गाणी आवडत नाहीत." तिने माफी मागितली नाही, आणि आम्ही मागायला लावली नाही. गाडीत बसून ती निघून गेली.

पापा पेट हिवाळ्यात गेला. गाव म्हणालं, लूवेनिया स्टोक्सने त्याला मारलं. रेडिओ स्टेशनच्या रस्त्याला त्याचं नाव दिलं, पाटी लागली, फुलं वाहिली. आम्हाला त्या रस्त्याने दवाखान्यात जावं लागतं. वीनी दर वेळी पाटीकडे टक लावून बघते, मान वळवत नाही.

वसंतात एक बाई आमच्याकडे आली. विला डीन क्रचर. मी तिला ओळखत होते, शाळेच्या स्वयंपाकघरात तिने जन्मभर मुलांना जेवण वाढलं. तरुणपणी ती आमच्यापेक्षा सरस गायची, हे मी विसरूनच गेले होते. ती स्वयंपाकघरात बसली, कोट काढेना. म्हणाली, "मीही गेले होते तिथे. माझ्या हातात रेकॉर्ड नव्हती, म्हणून मी काही मारू शकले नाही."

वीनीने तिच्यासमोर मक्याचा ब्रेड ठेवला. विचारलं, "त्यानंतर गायलीस?"

"भांडी घासतानासुद्धा नाही."

वीनीच्या कपाळावरची शीर उठली. रीनोला बाटली आपटली तेव्हाही मी तिला अशी पाहिली नव्हती. स्वतःवर झालं ते ती चाळीस वर्षं वागवत आली होती, पण हे तिला सहन झालं नाही. तिने कोट चढवला, विला डीनला म्हणाली, "चल." समितीची बैठक मंगळवारी दुपारी असते हे तिला ठाऊक होतं, आणि तो मंगळवारच होता.

मी गाडी चालवली. मिसेस ॲशबी आणि सहा-सात जण लांब टेबलाभोवती पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमाचं बोलत बसले होते. आम्हाला पाहून त्यांच्या हातातले कप थांबले.

"मिस लूवेनिया, आज तर आपला विषय कार्यक्रमपत्रिकेवर नाही," मिसेस ॲशबी म्हणाल्या. "तुम्ही आधी कळवायला हवं होतं."

"ही विला डीन क्रचर," वीनी म्हणाली. "ही गायची. हिची रेकॉर्ड निघालीच नाही. ती का निघाली नाही, ते ती आज सांगणार आहे, आणि तुम्ही ऐकणार आहात."

"पण आम्हाला चार वाजता..."

"डेल्फीन!" तो आवाज खिडक्यांच्या काचांना लागला. "बस खाली."

मिसेस ॲशबी बसल्या. वीनीने भिंतीजवळची खुर्ची ओढून विला डीनसाठी टेबलाशी लावली आणि स्वतः दाराला पाठ लावून उभी राहिली. विला डीनने कोटाची बटणं काढली, घसा साफ केला, आणि बोलायला लागली.